फुकुशिमाच्या शाळांतील किरणोत्सर्गाचा पाठ

जपानच्या कनिष्ठ माध्यमिक शाळांतील विज्ञानाच्या अभ्यासक्रमात किरणोत्सर्ग या विषयास सुमारे तीस वर्षे स्थान नव्हते. २००८ साली अभ्यासक्रमाची फेररचना झाली, तेव्हा तो पुन्हा समाविष्ट करण्यात आला आणि एप्रिल २०१२ पासून सर्वत्र शिकवावयाचा असे ठरले. परंतु पाठ वर्गात येण्यापूर्वीच विषय दाराशी येऊन ठेपला. ११ मार्च २०११ रोजी ईशान्य जपानला ९.० तीव्रतेच्या भूकंपाचा धक्का बसला. पाठोपाठ आलेल्या त्सुनामीने फुकुशिमा दाइइची अणुवीज केंद्राची शीतकरण व्यवस्था निकामी केली, तीन अणुभट्ट्यांतील इंधन वितळले आणि किरणोत्सारी आयोडीन व सीझियम वाऱ्याबरोबर दूरवर पसरले. केंद्राभोवतालच्या २० किलोमीटर परिसरातील लोकांना घरे सोडावी लागली. त्यापलीकडील शहरांतील शाळा मात्र एप्रिलमध्ये, तेथील शैक्षणिक वर्षाच्या प्रारंभी, उघडल्या.

या शाळांतील शिक्षकांच्या हाती त्या वेळी जे साहित्य होते, ते कुचकामी ठरले होते. २०१० साली शासनाने काढलेल्या पूरक पुस्तिकांत अणुवीज केंद्रे मोठ्या भूकंपात व त्सुनामीतही सुरक्षित राहतील अशी बांधलेली असतात, असे मुलांना सांगितले होते. अपघातानंतर त्या मागे घेण्यात आल्या. शिक्षकांवर ओढवलेली खरी अडचण अज्ञानाची नव्हती, विश्वास गमावल्याची होती. ज्या छापील पानावर काल भरवसा ठेवावयास सांगितले, तेच आज चुकीचे निघाले. मग उद्याच्या पानावर मुलांनी व पालकांनी का विसंबावे?

या प्रश्नाची पहिली कसोटी शाळेच्या मैदानावर लागली. १९ एप्रिल २०११ रोजी शिक्षण मंत्रालयाने मैदानाच्या वापरासाठी ताशी ३.८ मायक्रोसीव्हर्ट ही तात्पुरती मर्यादा जाहीर केली. हा आकडा कोठून आला, हे समजून घेण्याजोगे आहे. मूल दिवसाचे ८ तास बाहेर व १६ तास लाकडी घरात राहते, आणि घरात किरणोत्सर्ग बाहेरच्या ४० टक्के इतका असतो, असे गृहीत धरले होते. बाहेरील ८ तासांचे ३०.४ आणि घरातील १६ तासांचे सुमारे २४.३ मिळून दिवसाला सुमारे ५४.७ मायक्रोसीव्हर्ट होतात. त्यास ३६५ ने गुणले की वर्षाला सुमारे २० मिलिसीव्हर्ट येतात. एक मिलिसीव्हर्ट म्हणजे १,००० मायक्रोसीव्हर्ट. अपघातानंतरच्या काळासाठी आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने १ ते २० मिलिसीव्हर्ट हा पल्ला सुचविला आहे. मंत्रालयाने त्याचे वरचे टोक घेतले. सामान्य काळात नैसर्गिक व वैद्यकीय किरणोत्सर्ग वगळून जनतेसाठी मर्यादा वर्षाला १ मिलिसीव्हर्ट मानली जाते. साहजिकच पालक संतापले. शासनाच्या एका सल्लागार प्राध्यापकांनी लहान मुलांसाठी हा निकष मान्य नसल्याचे सांगून महिनाअखेरीस राजीनामा दिला. २७ मे रोजी मंत्रालयाने शाळेतील वेळेपुरते १ मिलिसीव्हर्टचे उद्दिष्ट स्वीकारले.

दरम्यान कोरियामा शहराने मंत्रालयाची वाट न पाहता एप्रिलअखेरीसच मैदानांवरील मातीचा वरचा थर खरवडून काढण्यास आरंभ केला होता. सीझियम चिकणमातीच्या कणांना घट्ट चिकटते व वरच्या काही सेंटिमीटरांतच राहते, म्हणून हा उपाय लागू पडतो. त्या उन्हाळ्यात अनेक मुले लांब बाह्यांचे कपडे व मुखपट्टी घालून बंद खिडक्यांच्या वर्गात बसली. किरणोत्सर्गाचा त्यांचा पहिला पाठ हाच होता.

ऑक्टोबर २०११ मध्ये मंत्रालयाच्या नव्या पूरक पुस्तिका आल्या. किरणोत्सर्ग म्हणजे काय, तो निसर्गातही कसा असतो, क्ष-किरणांचा उपयोग कोणता, ही माहिती त्यांत व्यवस्थित होती. अपघाताचा उल्लेख मात्र जवळजवळ प्रस्तावनेपुरताच होता. नैसर्गिक किरणोत्सर्गाची माहिती आवश्यकच आहे. आपल्याकडे केरळच्या कोल्लम किनाऱ्यावरील मोनाझाइटयुक्त वाळूचे उदाहरण शिक्षकांना ठाऊक असते. परंतु आपल्या अंगणातील माती खरवडली जात असताना मूल जे विचारते, त्याचे उत्तर त्या माहितीत मिळत नाही. फुकुशिमा विद्यापीठातील काही प्राध्यापकांनी २०१२ साली स्वतःची पुस्तिका काढली. तिच्या शीर्षकात एक मार्मिक श्लेष आहे. जपानी भाषेत अणुशक्तीला ‘गेन्शिर्योकु’ म्हणतात. चिन्हे बदलून तोच उच्चार ‘घटलेली विचारशक्ती’ या अर्थी लिहिता येतो. मुलांची विचारशक्ती घटू नये, असा त्या पुस्तिकेचा हेतू होता. २०१४ साली मंत्रालयाने आपल्या पुस्तिका बदलून अपघातास आरंभीच स्थान दिले.

स्थानिक शाळांनी पुस्तिकांपेक्षा मापकयंत्रावर अधिक भर दिला, आणि तो योग्यच होता. मैदानाच्या मध्यभागी एक आकडा दिसतो, छपराचे पाणी जेथे पडते तेथे दुसरा. मापक स्वतः हाती धरलेल्या मुलाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. २०१४ साली फुकुशिमा हायस्कूलच्या विद्यार्थ्यांनी याच पद्धतीचा मोठा प्रयोग हाती घेतला. जपान, फ्रान्स, पोलंड व बेलारूस येथील २१६ विद्यार्थ्यांनी व शिक्षकांनी दोन आठवडे अंगावर मापक बाळगले आणि प्रत्येक वेळी आपण कोठे होतो याची नोंद ठेवली. फुकुशिमातील वस्तीस खुल्या असलेल्या भागांतील विद्यार्थ्यांची मात्रा इतर ठिकाणच्या नैसर्गिक पातळीच्या मर्यादेतच असल्याचे दिसले. हे निष्कर्ष २०१५ साली आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. हीच गोष्ट एखाद्या अधिकाऱ्याने सांगितली असती, तर किती पालकांनी मानली असती, सांगता येत नाही.

जो पाठ फुकुशिमाबाहेर शिकविला गेला नाही, त्याची किंमत विस्थापित मुलांनी मोजली. योकोहामा येथे स्थलांतरित झालेल्या एका मुलाला वर्गमित्र ‘जंतू’ म्हणून हिणवीत व त्याच्याकडून पैसे उकळीत, हे २०१६ साली उघडकीस आले. किरणोत्सर्गास तोंड दिलेली व्यक्ती दुसऱ्यास संसर्ग देत नाही, हे एक वाक्य त्या वर्गापर्यंत पोचले नव्हते. २०१८ च्या पुस्तिकेत या छळाचा विषय घेण्यात आला.

तारापूर किंवा कैगा परिसरातील शिक्षकांना मैदानाचे वरील गणित फळ्यावर सहज मांडता येईल. त्यास गुणाकाराखेरीज काही लागत नाही. फुकुशिमाच्या प्राथमिक वर्गांत आता अपघातानंतर जन्मलेली मुले बसतात. त्यांच्यापुढे अर्धायुष्याचे गणित येते. सीझियम-१३४ चे अर्धायुष्य सुमारे २ वर्षे, म्हणून पहिल्या काही वर्षांत मापकाचा आकडा झपाट्याने उतरला. सीझियम-१३७ चे सुमारे ३० वर्षे, म्हणून आता तो संथपणे उतरतो आहे. २०११ साली बाहेर पडलेल्या सीझियम-१३७ पैकी निम्मे २०४१ साली शिल्लक असेल.