शेकडा कशावर?

सोनू,

ताईने तुझ्या वहीचा फोटो पाठवला. 'एक कुकर १२०० रुपयांना विकल्यावर शेकडा २० नफा झाला, तर खरेदी किंमत किती?' तू १२०० चे २० टक्के म्हणजे २४० काढलेस, वजा करून ९६० लिहिलेस. आकडेमोड चोख, तरी फुली. आता पडताळा करून बघ. ९६० चे २० टक्के १९२, बेरीज ११५२. मग ४८ रुपये कमी का पडले? कारण नफ्याचा शेकडा खरेदीवर धरतात आणि तू तो विक्रीवर धरलास.

हीच चूक मी गल्ल्यावर बसून केली आहे. डब्यांचा एक सेट आपल्याला ४०० ला पडायचा, छापील किंमत ५००. म्हणजे नफा शेकडा २५. दिवाळीत मी गिऱ्हाइकांना २० टक्के सूट दिली. मनात हिशेब असा, की पाच टक्के तर उरतातच. दिवसभर सेट हातोहात खपले. रात्री तुझ्या आजोबांनी बिलबुक उघडून माझ्यासमोर ठेवले. सूट ५०० वर होती, म्हणजे १०० रुपये. सेट गेला ४०० ला. एका पैशाचाही नफा नाही, वर पिशव्यांचा खर्च. आजोबा रागावले नाहीत, एवढेच विचारले, "शेकडा कशावर?" तेव्हापासून टक्का दिसला की आधी मी हेच विचारतो.

तूही विचार. ज्याच्यावर शेकडा आहे आणि जे माहीत नाही, त्याला क्ष म्हण. पहिली ओळ पूर्ण शब्दांत लिही, 'समजा, खरेदी किंमत क्ष रुपये.' ही ओळ गाळू नकोस, कितीही घाई असली तरी. मग नफा २०क्ष/१००, आणि

क्ष + २०क्ष/१०० = १२००
१२०क्ष = १,२०,०००
क्ष = १०००

हजारावर २० टक्के २००, पडताळा जमला.

पाटणच्या देवळात आपण गेलो होतो, आठवते? भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने मठ काढला, त्याचा शिलालेख तिथे आहे. त्यांच्या बीजगणितात या क्षला 'यावत्तावत्' म्हटले आहे, म्हणजे जेवढे असेल तेवढे. मला हा शब्द फार आवडतो. उत्तर माहीत नसताना घाबरायचे नाही, त्याला नाव देऊन कामाला लावायचे.

आता एक गणित माझ्याकडून. दोन कुकर प्रत्येकी १२०० ला विकले, एकावर शेकडा २० नफा, दुसऱ्यावर शेकडा २० तोटा. वर्गातली बरीच मुले म्हणतील, फिटंफाट झाली. तू दोन्ही खरेदी किमती वेगवेगळ्या काढ, आणि १०० रुपये कुठे गेले ते रविवारी फोनवर मला सांग.

तुझा,
मामा