विषाणुरोधकाचा पहारा आणि न्याहाळकाची गती

सार्वजनिक ग्रंथालयातील संगणकापुढे बसलेल्या वाचकाला पुष्कळदा एक अनुभव येतो. संकेतस्थळाचा पत्ता लिहून होतो, पडद्यावर लहानसे वर्तुळ फिरू लागते, पण पान काही उमटत नाही. शेजारी बसलेला एखादा जाणकार सल्ला देतो, "अँटिव्हायरस बंद करा, म्हणजे ब्राउझर धावू लागेल." दुसरा तितक्याच खात्रीने सांगतो की या दोहोंचा काहीही संबंध नाही. या दोन मतांपैकी खरे कोणते, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. पहिल्याचे ऐकून जो संरक्षण काढून टाकतो, तो आपले बँकेचे व्यवहार व खाजगी पत्रव्यवहार उघड्यावर टाकतो. दुसऱ्याचे ऐकून जो स्वस्थ बसतो, तो कदाचित टाळता येण्याजोगा विलंब रोज सोशीत राहतो. म्हणून या प्रश्नाचा विचार मतांच्या आधारे न करता यंत्रणेच्या कार्यपद्धतीवरून करणे इष्ट आहे.

पहारेकऱ्याचे काम

ब्राउझर किंवा न्याहाळक म्हणजे संकेतस्थळे आणून दाखविणारी आज्ञावली, आणि अँटिव्हायरस किंवा विषाणुरोधक म्हणजे संगणकात येणाऱ्या घातक आज्ञावलींना ओळखून अडविणारी आज्ञावली. दोघांचा संबंध एका दृष्टान्ताने स्पष्ट होईल. दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावर २०१३ पासून नवे महाराष्ट्र सदन उभे आहे. अशा एखाद्या वास्तूच्या फाटकाशी पहारेकरी बसला आहे आणि त्याच्याजवळ ओळखीच्या गुन्हेगारांच्या छायाचित्रांची वही आहे, अशी कल्पना करू. येणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा तो वहीशी ताडून पाहतो. वही जाड होत गेली की शोधण्यास वेळ लागतो. वहीत नसलेला परंतु संशयास्पद माणूस आला, तर त्याची पेटी उघडून पाहावी लागते आणि अधिकच वेळ जातो.

विषाणुरोधकही प्रथम हेच करतो. घातक आज्ञावलींच्या ठरावीक खुणांचा संग्रह त्याच्याजवळ असतो व येणारी फाइल त्या खुणांशी ताडली जाते. जिच्या खुणा संग्रहात नाहीत अशा आज्ञावलीचे वर्तन तपासून अनुमान करणे, ही दुसरी पद्धती होय. या अनुमानाला मात्र मूलभूत मर्यादा आहे. फ्रेड कोहेन या अमेरिकन संशोधकाने १९८३ मध्ये संगणकविषाणूचा प्रयोग करून दाखविला. 'व्हायरस' हे नाव त्याचे शिक्षक लेनर्ड एडलमन यांनी सुचविले होते. १९८४ मधील आपल्या निबंधात कोहेनने असेही प्रतिपादन केले की, कोणतीही आज्ञावली विषाणू आहे की नाही हे प्रत्येक वेळी अचूक सांगू शकेल अशी सर्वसमावेशक पद्धती तर्कतःच असू शकत नाही. तात्पर्य, पहारेकऱ्याला नेहमी मर्यादित वेळात निर्णय घ्यावा लागतो. तपास वाढविला तर विलंब वाढतो, कमी केला तर धोका वाढतो. प्रस्तुत प्रश्नाचे मूळ येथे आहे.

पुण्यातील एक दुरुस्तीचे दुकान

या पहाऱ्याचा इतिहास मराठी वाचकाला परका नाही. १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला 'ब्रेन' नावाचा विषाणू फ्लॉपीतून जगभर पसरला. तो फ्लॉपीच्या आरंभीच्या भागात ठाण मांडून बसे आणि तिचे चलन मंदावीत असे. म्हणजे त्या काळी मंदगती हे विषाणूचे लक्षण होते. पुढे ती विषाणुरोधकाविरुद्धची तक्रार व्हावी, हा कालाचा महिमाच म्हणावयाचा.

सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात प्रथम गणकयंत्रे व पुढे संगणक दुरुस्त करीत. दुरुस्तीस येणारी अनेक यंत्रे विषाणूंनी बाधित झालेली असत. मॉडर्न महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकणारे त्यांचे धाकटे बंधू संजय काटकर यांनी ती स्वच्छ करणाऱ्या आज्ञावली लिहिण्यास आरंभ केला. त्यातूनच 'क्विक हील' हा विषाणुरोधक तयार झाला. १९९५ मध्ये 'कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस' या नावाने स्थापन झालेली त्यांची कंपनी पुढे २००७ मध्ये 'क्विक हील टेक्नॉलॉजीज' झाली, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तिच्या समभागांची शेअर बाजारात नोंदणी झाली. २१ फेब्रुवारी २०१७ रोजी भारत सरकारने बाधित संगणकांच्या शुद्धीकरणासाठी 'सायबर स्वच्छता केंद्र' सुरू केले, तेव्हा नागरिकांना विनामूल्य द्यावयाच्या साधनांत या कंपनीचेही साधन होते.

या इतिहासात आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने एक गोष्ट महत्त्वाची आहे. आरंभीच्या काळात तपासणी हे स्वतंत्र काम होते. फ्लॉपी यंत्रात घालावयाची, तपासण्याची आज्ञा द्यावयाची आणि ती पूर्ण होईपर्यंत थांबावयाचे. लागणारा वेळ डोळ्यांसमोर असे व त्याचे कारणही ठाऊक असे. पुढे संगणक आंतरजालाला जोडले गेले, फाइली क्षणोक्षणी येऊ लागल्या आणि पहारा अखंड ठेवणे भाग पडले. त्यामुळे तपासणीचा वेळ दुसऱ्या कामांत मिसळून गेला. आज वाचकाला दिसतो तो मंद चाललेला ब्राउझर. त्यामागचा पहारेकरी दिसत नाही.

पहाऱ्याच्या तीन जागा

विषाणुरोधक ब्राउझरच्या मार्गात साधारणतः तीन ठिकाणी उभा राहतो, आणि प्रत्येक ठिकाणच्या विलंबाचे स्वरूप वेगळे असते.

पहिली जागा संगणकाच्या तबकडीपाशी आहे. एक संकेतपान म्हणजे एकच फाइल नव्हे; त्यात चित्रे, अक्षरवळणे, लहानमोठ्या आज्ञावली अशा अनेक वस्तू असतात. पुढच्या भेटीत त्या पुन्हा आणाव्या लागू नयेत म्हणून ब्राउझर त्या तबकडीवर साठवून ठेवतो. यांपैकी प्रत्येक फाइल उघडताना वा लिहिताना विषाणुरोधक मध्ये येऊ शकतो. चांगला विषाणुरोधक एकदा तपासलेली व न बदललेली फाइल पुन्हा तपासत नाही. म्हणून दुसऱ्या भेटीत फरक कमी जाणवतो. फिरत्या तबकडीच्या जुन्या यंत्रांत अशा विखुरलेल्या लहान फाइली वाचण्यासच मुळात वेळ लागतो, त्यामुळे तेथे हा भार अधिक जाणवतो.

दुसरी जागा जाळ्याच्या वाटेवर आहे. आजकाल बहुतेक संकेतस्थळांशी होणारी देवाणघेवाण कूटबद्ध असते. ती मोहोरबंद लिफाफ्यासारखी असल्याने मधल्या कोणाला वाचता येत नाही. लिफाफ्यात काय आहे हे पाहण्यासाठी काही विषाणुरोधक संगणकात आपले स्वतःचे मूळ प्रमाणपत्र बसवितात, संकेतस्थळाकडून आलेला लिफाफा स्वतः फोडतात, मजकूर तपासतात आणि आपली मोहोर लावून तो ब्राउझरच्या हाती देतात. एका जोडणीच्या जागी दोन जोडण्या झाल्या की काम वाढणारच. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात अशा मध्यस्थीचे प्रमाण मोजले गेले. फायरफॉक्सच्या अद्ययावतीकरणासाठी होणाऱ्या जोडण्यांपैकी ४.० टक्के, लोकप्रिय खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळांच्या जोडण्यांपैकी ६.२ टक्के आणि क्लाउडफ्लेअरच्या जाळ्यावरील अमेरिकेतील जोडण्यांपैकी १०.९ टक्के जोडण्यांत कोणी ना कोणी मध्यस्थ आढळला. त्यांत विषाणुरोधकांबरोबर कार्यालयांनी बसविलेली उपकरणेही होती. बहुतेक मध्यस्थांनी मूळ जोडणीची सुरक्षितता कमी केली होती, हा त्या अभ्यासाचा अधिक गंभीर निष्कर्ष होता.

तिसरी जागा खुद्द ब्राउझरच्या अंतरंगात आहे. काही विषाणुरोधक ब्राउझरच्या चालू आज्ञावलीतच आपला भाग घुसवीत. नोव्हेंबर २०१७ मध्ये गूगलने जाहीर केले की, विंडोजवर ज्यांच्या क्रोम ब्राउझरमध्ये असा परका भाग शिरतो, त्यांचा ब्राउझर कोसळण्याचा संभव १५ टक्क्यांनी अधिक असतो. त्यानंतर क्रोमने अशी घुसवणूक टप्प्याटप्प्याने अडविण्यास आरंभ केला. घराच्या फाटकाशी बसणारा पहारेकरी थेट स्वयंपाकघरात उभा राहिला, तर घरच्या माणसांची अडचण होते, तसाच हा प्रकार होता.

एका दोषाची पाच वर्षे

आता एक प्रत्यक्ष उदाहरण पाहू. विंडोजबरोबर येणारा 'डिफेन्डर' हा विषाणुरोधक फायरफॉक्सचा वापर चालू असताना प्रोसेसरचा फार मोठा भाग व्यापतो, अशी नोंद २०१८ मध्ये झाली. ती सुमारे पाच वर्षे अनिर्णित राहिली. अखेर फायरफॉक्सची निर्मिती करणाऱ्या मोझिलाच्या अभियंत्यांनी कारण शोधून काढले.

संकेतपानातील आज्ञा जलद चालविण्यासाठी ब्राउझर त्यांचे यंत्रभाषेत रूपांतर करून ते स्मृतीत लिहितो आणि मग स्मृतीच्या त्या भागाला 'येथील आज्ञा चालविता येतील' अशी परवानगी देतो. परवानगीचा हा बदल एका पानाच्या वाचनात असंख्य वेळा घडू शकतो. घातक आज्ञावलीही नेमकी हीच युक्ती वापरतात. म्हणून डिफेन्डर अशा प्रत्येक बदलाची दखल घेत असे, व ते योग्यच होते. परंतु दर वेळी तो जितकी आकडेमोड करी, तितकी करण्याचे कारण नव्हते. मायक्रोसॉफ्टने २०२३ च्या वसंतात ही चूक दुरुस्त केली, तेव्हा फायरफॉक्स चालू असताना डिफेन्डरने व्यापलेला प्रोसेसरचा भार सुमारे ७५ टक्क्यांनी घटला. असे बदल कमी वेळा करता येतील, हे फायरफॉक्सच्या अभियंत्यांनीही मान्य केले.

या उदाहरणातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. विषाणुरोधकामुळे ब्राउझर मंदावतो ही तक्रार काल्पनिक नव्हे. आणि त्यावरचा उपाय पहारा उठविणे हा नव्हता. पहारेकऱ्याची कामाची रीत सुधारणे हा होता.

गती कशी मोजावी

मनुष्याची कालाविषयीची जाणीव फसवी असते. म्हणून संशय आल्यास मापन करावे. समजा, एका पानात ८० वस्तू आहेत आणि प्रत्येकीच्या तपासणीस ५ मिलिसेकंद लागतात. त्या एकामागून एक तपासल्या तर ४०० मिलिसेकंदांचा, म्हणजे जाणवण्याइतका विलंब होईल. पण ब्राउझर अनेक वस्तू एकाच वेळी मागवितो व तपासण्याही एकाच वेळी चालू शकतात. त्यामुळे प्रत्यक्ष विलंब याहून पुष्कळ कमी असू शकतो. निव्वळ गुणाकारावरून निष्कर्ष काढता येत नाही, तो याच कारणाने.

मापनासाठी ओळखीचे व विश्वासाचे एकच पान निवडावे. ब्राउझरचा साठा रिकामा करून ते दहा वेळा उघडावे व दर वेळचा कालावधी लिहून ठेवावा. नंतर संपूर्ण विषाणुरोधक नव्हे, तर त्यातील केवळ संकेतस्थळे तपासणारा भाग थोड्या वेळापुरता थांबवून तोच प्रयोग पुन्हा करावा, आणि लगेच तो भाग पूर्ववत सुरू करावा. दोन्ही मालिकांतील आकडे चढत्या क्रमाने लावून मधल्या आकड्यांची तुलना करावी. एखाद्या वेळी जाळेच मंद असले तरी मधला आकडा सहसा त्याने बिघडत नाही. फरक नगण्य निघाला, तर दोष अन्यत्र शोधावा: अपुरी स्मृती, ब्राउझरला जोडलेली अनावश्यक जोडसाधने, किंवा जोडणीच मंद असणे. ऑस्ट्रियातील एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज व जर्मनीतील एव्ही-टेस्ट या संस्था अनेक विषाणुरोधकांचा यंत्रावरील भार नियमितपणे मोजतात. नवी निवड करताना त्यांचे अहवाल पाहणे उपयुक्त ठरते.

अनेक संगणकांत आढळणारी एक चूक येथे सांगितली पाहिजे. अधिक सुरक्षिततेच्या समजुतीने दोन विषाणुरोधक बसविले जातात. मग एकाने उघडलेली फाइल दुसरा तपासतो आणि दुसऱ्याने हात लावला म्हणून पहिला पुन्हा जागा होतो. दुसरा विषाणुरोधक बसविल्यावर डिफेन्डर आपली अखंड तपासणी सहसा स्वतःहून थांबवितो, तो हा गोंधळ टाळण्यासाठीच. फाटकावर दोन पहारेकरी परस्परांचीच झडती घेत बसले, तर पाहुणा रस्त्यावरच ताटकळणार.

दुसरी किंमत

पहाऱ्याची किंमत केवळ वेळात मोजून भागत नाही. जो लिफाफा उघडून पाहतो, त्याला मजकूर कळतो. अवास्ट या कंपनीच्या विषाणुरोधकाने व ब्राउझरच्या जोडसाधनांनी गोळा केलेली वापरकर्त्यांच्या भ्रमंतीची माहिती तिच्या जम्पशॉट या उपकंपनीमार्फत विकली जात होती. हे उघडकीस आल्यावर जानेवारी २०२० मध्ये ती उपकंपनी बंद करण्यात आली, आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने १ कोटी ६५ लाख डॉलर भरण्याचा आदेश दिला. अर्धा सेकंद गेला तर तो फारसा आठवतही नाही. आपण काय वाचले याची नोंद परक्याच्या हाती गेली, तर ती परत घेता येत नाही.

तेव्हा ग्रंथालयातील त्या दोन सल्लागारांपैकी पूर्णपणे बरोबर कोणीच नाही. विषाणुरोधक ब्राउझरला काही प्रमाणात मंद करतो. ते प्रमाण यंत्राच्या क्षमतेवर, पहाऱ्याच्या जागेवर आणि विषाणुरोधकाच्या रचनेतील कौशल्यावर अवलंबून असते. पहारा असावा, तो एकच असावा व अद्ययावत असावा. मोहोरबंद लिफाफे फोडण्याची मुभा त्याला द्यावी की नाही, हे वाचकाने विचारपूर्वक ठरवावे. आणि ग्रंथालयाच्या संगणकावर बसणाऱ्यांपैकी बहुतेकांना हा निर्णय स्वतः घेता येत नसल्यामुळे, त्यांच्या वतीने तो घेण्याची जबाबदारी ग्रंथपालावर येते.