कॉन्ट्रॅक्टर की डिझायनर? आधी ड्रॉइंग मागा

घराचं काम काढायचं ठरलं की ओळखीपाळखीतले लोक फोन करून एकच विचारतात: कॉन्ट्रॅक्टरला द्यावं की इंटिरिअर डिझायनरला? कोथरूडच्या आमच्या जुन्या फ्लॅटचं काम दोन टप्प्यांत झालं. आधी निव्वळ कॉन्ट्रॅक्टरकडून, नंतर डिझायनर आणि वेगळा कॉन्ट्रॅक्टर मिळून. मधल्या काळात ठाण्यात माझ्या नणंदेचं घर एका डिझायनरने टर्नकी बोलीवर, म्हणजे मालापासून मजुरीपर्यंत सगळं स्वतःच्या अंगावर घेऊन केलं. तिन्ही कामं जवळून पाहिल्यावर माझं मत पक्कं झालंय. काम कुणालाही द्या. पण माल आणणारा, मोजमाप घेणारा आणि ‘काम चांगलं झालंय’ असा निर्वाळा देणारा एकच माणूस असेल, तर घर त्याच्या हवाली करू नका.

पहिल्या टप्प्यात बाथरूम, नळाच्या लाइनी आणि रंग एवढंच करायचं होतं. इमारत 1988 ची. कॉन्ट्रॅक्टर नातेवाइकांच्या ओळखीतून आलेला, हाताखाली चांगले गवंडी असलेला. त्याचं कोटेशन एका पानाचं होतं: ‘बाथरूम रिनोव्हेशन, विथ मटेरिअल, लमसम.’ वॉटरप्रूफिंग हा शब्द त्यात होता, पण ते कुठलं, किती थरांचं, चाचणी कधी, याबद्दल अक्षर नव्हतं. ड्रॉइंगचा विषय काढला तर ‘बाथरूमला कसलं ड्रॉइंग, सगळं डोक्यात आहे’ असं उत्तर आलं. जुना कोबा फोडला, नवे पाइप टाकले, वरून केमिकलचा हात फिरवला आणि लगेच टाइल्स बसायला लागल्या.

काही महिन्यांनी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. त्यांच्या बाथरूममध्ये जाऊन पाहिलं, तर आमच्या नहाणी ट्रॅपच्या बरोबर खाली छताला पिवळ्या कडेचा ओला डाग होता, रंगाचे पोपडे सुटले होते आणि एका कोपऱ्यात थेंब धरत होता. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, ‘जुनी बिल्डिंग आहे, कुठून तरी झिरपत असेल.’ दुसऱ्या प्लंबरने टाइल्स उचकटल्या तेव्हा ट्रॅप आणि कोबा यांच्या सांध्यातच फट निघाली. खर्च आमच्याच अंगावर आला. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून किंवा पावसाच्या पाण्याने होणारी गळती सोसायटीने दुरुस्त करायची असते. संडास-बाथरूमची आतली गळती ज्याच्या त्याच्या माथी.

ही गळती टाइल्स बसवण्याआधी सापडली असती. वॉटरप्रूफिंग झालं की ट्रॅपचं तोंड बंद करून बाथरूममध्ये दोन-तीन इंच पाणी साठवायचं, भिंतीवर पातळीची खूण करायची आणि 24 ते 48 तास ते तसंच ठेवायचं. याला पॉन्डिंग टेस्ट म्हणतात. पातळी उतरते का ते वर बघायचं आणि खालच्या घरात जाऊन छतही बघायचं. खर्च जवळजवळ शून्य. फक्त गवंड्यांचे एक-दोन दिवस मोडतात, आणि लमसम काम घेतलेल्याला नेमके तेच दिवस परवडत नाहीत. म्हणून ही चाचणी कोटेशनमध्ये लिहून घ्यावी आणि ती पार पडल्याशिवाय पुढचा हप्ता देऊ नये.

रंगाचं बिल ‘कार्पेटच्या साडेतीन पट’ या हिशोबाने आलं. पुण्या-मुंबईत हा आडाखा सर्रास वापरतात. 600 चौरस फूट कार्पेट असेल तर 2100 चौरस फूट रंगकाम धरायचं. पण स्वयंपाकघर आणि बाथरूमच्या भिंतींवर टाइल्स असतात, कपाटामागे कुणी रंग देत नाही, दारं-खिडक्या वजा जातात. प्रत्यक्ष टेप लावला की बरेचदा आकडा चांगलाच खाली येतो. आमचा आला.

नणंदेच्या वेळी सगळ्यांनाच वाटलं, आता डिझायनर आहे, काळजी नको. लॅपटॉपवर थ्रीडी चित्रं सुरेख होती. पडद्यांच्या चुण्यासुद्धा दिसत होत्या. पण सुताराला ज्यावरून काम करायचं असतं ते वर्किंग ड्रॉइंग, म्हणजे प्रत्येक कपाटाची मापं, कप्प्यांमधलं अंतर, कुठला स्विचबोर्ड जमिनीपासून किती उंचीवर, गिझरची लाइन कुठून, असं काहीही कागदावर नव्हतं. थ्रीडीवरून घर दिसतं कसं ते कळतं. ते बांधता येत नाही. पलंग आला तेव्हा बेडरूममधले दोन्ही प्लग त्याच्या पाठीमागे गेले.

त्याहून गंभीर गोष्ट प्लायवूडची. करारात ‘मरीन प्लाय’ लिहिलं होतं आणि दर त्याचाच लावला होता. मी गेले तेव्हा हॉलच्या भिंतीला आठ बाय चारच्या शीट टेकवून ठेवल्या होत्या. त्यांवर आयएसआयचा शिक्का होता, पण त्याच्या वर आकडा होता आयएस 303. मरीन प्लायला आयएस 710 असतो. 303 वाईट नाही. बेडरूमच्या कपाटाला त्यातला बीडब्ल्यूआर ग्रेडचा प्लाय चालतो. पण सिंकखालच्या कपाटासाठी 710 चे पैसे घेऊन 303 लावणं ही फसवणूक आहे. एकदा लॅमिनेट चिकटलं की तो शिक्का कुणालाही दिसत नाही. म्हणून शीट कापण्याआधी फोटो काढावेत आणि शिक्क्याखालचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ अॅपवर तपासावा. नणंदेने शिक्क्याचा फोटो डिझायनरला पाठवल्यावर शीट बदलून आल्या. मात्र आधीच लॅमिनेट लावून झालेल्या कपाटांचं काय, याचं उत्तर तिला आजवर मिळालेलं नाही.

डिझायनरची फी एकूण खर्चाच्या टक्क्यांवर ठरली असेल, तर खर्च वाढला की फीही वाढते. लॅमिनेट, हार्डवेअर, दिवे यांच्या दुकानांतून डिझायनरला कमिशन मिळण्याची पद्धतही या धंद्यात जुनी आहे. सगळे घेतात असं मी म्हणत नाही. पण फी ठरवतानाच सरळ विचारायला संकोच कसला? ज्यांच्याकडे लपवण्यासारखं नसतं, ते लगेच सांगतात.

आमच्या दुसऱ्या टप्प्यात अशाच एक डिझायनर भेटल्या. त्यांनी चौरस फुटावर ठरावीक फी घेतली, ड्रॉइंग आणि साइटवरची तपासणी एवढंच अंगावर घेतलं, माल आणि मजुरी आम्ही वेगळ्या कॉन्ट्रॅक्टरकडून केली. पहिल्या भेटीत त्यांनी सासूबाईंना ओट्यापाशी उभं केलं, हात कोपरात वाकवायला सांगितला आणि कोपरापासून जमिनीपर्यंत टेप धरला. सासूबाई पाच फुटांच्या आतल्या. माप छत्तीस इंच आलं. जुना ओटा चौतीस इंच, त्यावर शेगडी, तिच्यावर कुकर. ‘आई, तुमचा खांदा दुखतो का हो?’ त्यांनी विचारलं. खांदा वर्षानुवर्षं दुखत होताच. नवा ओटा बत्तीस इंचांवर घेतला आणि शेगडीचा भाग आणखी खाली उतरवला. हे कुठल्याच कॉन्ट्रॅक्टरला सुचलं नसतं. ते त्याचं कामही नाही. डिझायनरची फी वसूल होते ती इथे.

ड्रॉइंगमुळे दुसराही फायदा झाला. एल आकाराच्या ओट्याची एक बाजू दहा फूट, दुसरी सात. कॉन्ट्रॅक्टरने सतरा रनिंग फूट धरले. ओटा दोन फूट रुंद, म्हणजे कोपऱ्यातला दोन फुटांचा चौकोन दोनदा मोजला गेला होता. खरं माप पंधरा. ड्रॉइंगवर बोट ठेवलं, त्याने मुकाट्याने आकडा बदलला, भांडण झालं नाही.

मग कुणाला द्यावं? नुसतं बाथरूम, टाइल्स, रंग, वायरिंग असेल तर चांगला कॉन्ट्रॅक्टर पुरतो. फक्त कोटेशन आयटेमवार हवं. वायर कुठल्या जाडीची, हेही त्यात यावं: साधारणपणे दिव्यांना 1.5, प्लगना 2.5, एसी आणि गिझरला 4 चौरस मिलिमीटर. स्वयंपाकघर किंवा अख्ख्या घराचं फर्निचर बदलायचं असेल तर ठरावीक फीवरचा डिझायनर आणि वेगळा कॉन्ट्रॅक्टर ही जोडी मला सगळ्यांत भरवशाची वाटते. परदेशातून आई-वडिलांचं घर करून घेणाऱ्या मुलांना टर्नकीशिवाय इलाज नसतो. त्यांनी निदान माप आणि माल तपासायला एखादा इंजिनिअर पगारी नेमावा.

भिंत पाडण्याचा विषय निघाला तर मात्र कॉन्ट्रॅक्टर आणि डिझायनर या दोघांचाही शब्द प्रमाण मानू नका. ‘आर्किटेक्ट’ हे नाव लावायला 1972 च्या कायद्याप्रमाणे नोंदणी लागते. ‘इंटिरिअर डिझायनर’ अशी पाटी कुणीही लावू शकतं. आमच्या वायरमनने पाइप दडवायला कॉलमवरच कटर चालवायला घेतला होता, आतली सळई उघडी पडायच्या बेतात होती. डिझायनर बाईंनी ते थांबवलं आणि त्यांनीच स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावलं. जुन्या इमारतींत काही भिंतींवरच स्लॅबचा भार असतो. तिथे इंजिनिअरचं लेखी मत आणि सोसायटीची लेखी परवानगी, दोन्ही हातात आल्याशिवाय घण उचलू देऊ नये.

पैशांबाबत एवढंच. निम्मी रक्कम आगाऊ मागणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. हप्ते तारखांवर न ठेवता झालेल्या कामावर ठेवा, आणि शेवटचे पाच-दहा टक्के एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवायची अट आधीच लिहून घ्या. ‘बिल नको, अठरा टक्के वाचतील’ ही ऑफर घेऊ नका. वर्षाला 20 लाखांपेक्षा कमी उलाढाल असलेल्या छोट्या कॉन्ट्रॅक्टरला सहसा जीएसटीची नोंदणीच लागत नाही, त्यामुळे तो साधं बिल राजरोस देऊ शकतो. नोंदणी असलेल्याने कर लावलाच पाहिजे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, आणि तिथे पैसे दिल्याचा पुरावा व लेखी करार हेच उपयोगी पडतात.

आणि एक काम स्वतः करा, कुणावर सोपवू नका. पाइप आणि वायरिंग भिंतीत बुजण्याआधी प्रत्येक भिंतीसमोर टेप धरून फोटो काढा. एक प्रत घरच्या फाइलमध्ये ठेवा आणि एक सोसायटीच्या ऑफिसात द्या, म्हणजे उद्या गळती निघाली तर नेमकी कुठली टाइल उचकटायची ते तुमच्याइतकंच खालच्या घरालाही कळेल.