लघवीत प्रथिन नाही, म्हणून किडनी ठीक आहे असं नाही

माझ्या दादाच्या लघवीत कधीच प्रथिन सापडलं नाही. कंपनीच्या दरवर्षीच्या तपासणीत ‘अल्ब्युमिन – निल, शुगर – निल’ असाच कागद हातात पडायचा. तरीही चाळिशी ओलांडली आणि त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. असं का झालं, याचं उत्तर आमच्या घराला फार उशिरा मिळालं. दुसऱ्या कुणाला ते वेळेत मिळावं, म्हणून हे लिहिते आहे.

आम्ही मूळचे सांगलीकडचे. दादा नोकरीसाठी साहिबाबादच्या औद्योगिक वसाहतीत आला. पुढे लग्न होऊन मीही गाझियाबादलाच, वैशालीत राहायला आले. दादाला पंचविशीच्या आतच पायाचा अंगठा सुजायचा त्रास सुरू झाला. मध्यरात्री ठणका लागायचा, पांघरूण टेकलेलंही सोसत नसे. ‘यूरिक अ‍ॅसिड बढ़ा हुआ है’ असं निदान झालं. मटण बंद झालं, डाळ कमी झाली आणि दुखलं की औषधाच्या दुकानातून पेनकिलर यायला लागली. रात्री लघवीला उठावं लागायचं, त्याचं कुणाला विशेष वाटलं नाही. पुढे बीपी निघालं. सांगलीचे नातेवाईक म्हणायचे, तिकडचं पाणी बाधलं.

आमच्या बाबांनाही तरुणपणापासून अंगठ्याचं दुखणं होतं आणि पन्नाशीच्या आत ते किडनीच्याच आजाराने गेले. त्यांच्या कागदांवर ‘बीपीमुळे किडनी निकामी’ असं लिहिलेलं. आत्याचंही तसंच झालं होतं. पण अंगठ्याचं दुखणं आणि किडनीचं दुखणं एकाच घरातलं, एकाच कारणाचं असेल, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. एका दवाखान्यात दादाने किडनीबद्दल विचारलं, तेव्हा लघवीचा कागद पाहून ‘प्रोटीन नहीं है, किडनी बढ़िया है’ असं उत्तर मिळालं. रक्तातलं क्रिएटिनिन तपासलं गेलं ते त्याला जेवण जाईनासं झालं आणि जिना चढताना धाप लागायला लागली तेव्हा. तोवर बहुतेक किडनी गेलेली होती.

दिल्लीच्या नेफ्रॉलॉजिस्ट मॅडमनी पहिल्याच भेटीत वेगळा प्रश्न विचारला, ‘पिताजी को गाउट किस उम्र में हुआ था?’ गाउट म्हणजे तेच अंगठ्याचं दुखणं. कागदावर त्यांनी आमचा वंशवृक्ष काढला आणि बाबा, आत्या, दादा यांच्या नावांभोवती वर्तुळं केली. मी किडनी द्यायला तयार होते, रक्तगटही जुळत होता. पण मॅडम म्हणाल्या, आधी दादाची जनुक तपासणी होऊ दे, मग तुमची. निकाल आला तेव्हा दादाच्या ‘यूमॉड’ या जनुकात बिघाड निघाला. तोच बिघाड माझ्यातही निघाला. माझ्याही लघवीत प्रथिन नव्हतं आणि मला काहीच त्रास नव्हता. फक्त युरिक अ‍ॅसिड थोडं वर होतं आणि किडनीची गाळण्याची क्षमता वयाच्या मानाने कमी होती. मी एक किडनी दिली असती, तर घरात एकाच्या जागी दोन रुग्ण झाले असते. शेवटी वहिनीने किडनी दिली. दादा आज कामावर जातो.

यूमॉड जनुकापासून आपल्या शरीरात ‘युरोमोड्युलिन’ नावाचं प्रथिन तयार होतं. निरोगी माणसाच्या लघवीतही दिवसाला १५० मिलिग्रॅमपर्यंत प्रथिन जाऊ शकतं, आणि त्यात सर्वांत जास्त असतं ते हेच. किडनीतल्या सूक्ष्म नलिकांचा एक भाग आत वळून पुन्हा वर चढतो, त्या चढत्या भागातल्या पेशी ते बनवतात. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत इगोर टॅम आणि फ्रँक हॉर्सफॉल या दोघांनी १९५० मध्ये ते लघवीतून वेगळं काढलं. ते फ्लूच्या विषाणूला रक्तपेशींच्या गुठळ्या करू देत नाही, असं त्यांना दिसलं होतं. १९८५ मध्ये दुसऱ्या संशोधकांना गरोदर स्त्रियांच्या लघवीत एक प्रथिन मिळालं, त्याला त्यांनी युरोमोड्युलिन हे नाव दिलं. दोन्ही प्रथिनं एकच आहेत, हे १९८७ मध्ये स्पष्ट झालं.

हे प्रथिन राखणदाराचं काम करतं. लघवीत त्याचे लांब तंतू तयार होतात. मूत्रमार्गात जंतुसंसर्ग करणारे ई. कोलाय जंतू या तंतूंना चिकटतात आणि लघवीबरोबर बाहेर पडतात. कॅल्शियमचे स्फटिक एकत्र येऊन खडा होण्यालाही ते अटकाव करतं. शरीरातलं मीठ किती राखायचं, यातही त्याचा भाग आहे. म्हणून लघवीत युरोमोड्युलिन असणं हे निरोगी किडनीचं लक्षण आहे. नलिका मरू लागल्या की ते कमी होत जातं.

आमच्या घरात बिघाड झाला तो इथे. या प्रथिनाच्या ६४० अमिनो आम्लांपैकी ४८ सिस्टीन असतात आणि त्यांच्या जोड्यांतून २४ बंध जुळतात. त्या बंधांमुळेच प्रथिनाला नीट घडी पडते. अनेक कुटुंबांत नेमकं एखादं सिस्टीन बदललेलं असतं. मग घडी चुकते, प्रथिन पेशीबाहेर पडत नाही, आतच साचतं आणि हळूहळू पेशीच मरते. किडनीतली गाळणी शाबूत असते, म्हणून अल्ब्युमिन गळत नाही आणि लघवी स्वच्छ दिसते. नलिका मात्र वर्षानुवर्षं झिजत राहतात. युरिक अ‍ॅसिड नीट बाहेर टाकलं जात नाही, म्हणून विशी-तिशीतच गाउट होतो. यूमॉड जनुकाचा हा संबंध २००२ मध्ये सिद्ध झाला. आईवडिलांपैकी एकाला हा आजार असेल, तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता निम्मी असते, मुलगा असो वा मुलगी. किडनी कोणत्या वयात निकामी होईल, यात एकाच घरातही खूप फरक पडतो.

तपासणीची पट्टी हे का पकडत नाही, तेही समजून घ्यायला हवं. लघवीत बुडवली की रंग बदलणारी ती पट्टी मुख्यतः अल्ब्युमिनला दाद देते. मधुमेह आणि बीपीमध्ये आधी गाळणी बिघडते आणि अल्ब्युमिन गळतं, त्यामुळे तिथे ही तपासणी मोलाची आहे. ती सोडू नका. उलट मधुमेह किंवा बीपी असेल, तर वर्षातून एकदा लघवीतल्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिनचं गुणोत्तर तपासून घ्या. ते ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या वर तीन महिने राहिलं, तर किडनीला इजा होते आहे असं समजावं. पण नलिकांचे आजार या पट्टीला दिसत नाहीत. मायलोमा या रक्ताच्या कर्करोगातली प्रथिनंही तिला सहसा दिसत नाहीत. ती प्रथिनं नलिकेत युरोमोड्युलिनला चिकटून घट्ट साचे बनवतात आणि किडनी बंद पाडतात. उतारवयात पाठ सतत दुखत असेल, रक्त कमी झालं असेल आणि क्रिएटिनिन वाढत असेल, तर डॉक्टरांना याबद्दल जरूर विचारा.

याउलट ‘हायलाइन कास्ट’ हे शब्द रिपोर्टात वाचून घाबरणारे लोकही मी पाहिले आहेत. हे साचे युरोमोड्युलिनचेच असतात. ताप, भरपूर व्यायाम किंवा अंगातलं पाणी कमी होणं, एवढ्यानेही ते दिसतात. गाझियाबादच्या मे-जूनच्या उन्हात काम करणाऱ्याच्या लघवीत ते दिसले तर नवल नाही. बाकी सगळं ठीक असेल, तर त्यांचं भय बाळगू नये.

आमच्या अनुभवातून सांगण्यासारखं आहे ते असं.

चाळिशीच्या आत गाउट झाला, तर युरिक अ‍ॅसिडवर थांबू नका. क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे किडनीची गाळण्याची क्षमता, तपासून घ्या. तो ६० च्या खाली तीन महिने राहिला, तर किडनीचा जुनाट आजार आहे असं धरतात. क्रिएटिनिन ‘नॉर्मल’च्या रकान्यात असलं, तरी मागच्या वर्षाशी ताडून पाहा. बरीचशी क्षमता जाईपर्यंत ते रकान्यातच राहू शकतं. म्हणून जुने कागद फेकू नका.

घरात दोन पिढ्यांत किडनी निकामी झाली असेल, लघवीत प्रथिन नसेल किंवा अगदी थोडं असेल, सोनोग्राफीतही विशेष काही दिसत नसेल, तर ‘बीपीमुळे’ या एका शब्दावर समाधान मानू नका. नेफ्रॉलॉजिस्टला जनुक तपासणीबद्दल विचारा.

पेनकिलर स्वतःच्या मनाने घेऊ नका. गाउट आटोक्यात ठेवायला डॉक्टर ॲलोप्युरिनॉलसारखी औषधं देतात. ती नियमाने घेतली, तर ठणकाही कमी होतो आणि पेनकिलरची गरजही. बीपीची गोळी बदलताना गाउट असल्याचं आवर्जून सांगा, कारण लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांनी युरिक अ‍ॅसिड चढतं. अंगातलं पाणी कमी होऊ देऊ नका. युरोमोड्युलिनच्या या आजारावर मुळापासून इलाज अजून नाही, पण बीपी सांभाळून किडनीची झीज लांबवण्याचा प्रयत्न करता येतो. प्रत्यारोपण केलं, तर नव्या किडनीत हा आजार परत येत नाही, कारण तिच्या पेशींत तो बिघाडच नसतो.

रक्ताच्या नात्यातला कुणी किडनी देणार असेल, तर आधी रुग्णाच्या आजाराचं नेमकं कारण शोधा. प्रेमापोटी घाई होते, पण इथे घाई दोघांना महागात पडते. मुलांची जनुक तपासणी कधी करायची, हे डॉक्टरांशी आणि जनुक समुपदेशकाशी बोलून ठरवा. माझ्या मुलीबद्दल आम्ही तसंच करणार आहोत.

आणि एक कळकळीची विनंती. या रविवारी आईवडिलांना, काका-आत्यांना फोन करून विचारा, की घरात कुणाला तरुणपणी अंगठ्याचं दुखणं होतं, कुणाची किडनी कोणत्या वयात गेली. ते वयासकट लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना तो कागद लघवीच्या रिपोर्टबरोबर न्या.