कामगंध सापळ्यांच्या नोंदी : रिकामी जागा म्हणजे शून्य नव्हे

कपाशीवरील गुलाबी बोंडअळीच्या सर्वेक्षणासाठी हेक्टरी ५ कामगंध सापळे लावले जातात. प्रति सापळा प्रति रात्र ८ पतंग सलग ३ रात्री आढळल्यास आर्थिक नुकसानीची पातळी गाठली, असे समजतात. या नोंदी आता मोबाइलवरून क्लाउडवरील डेटाबेसमध्ये साठविता येतात. सरासरीच्या आलेखावर शंका आल्यास मूळ नोंदी कमांड लाइनवरून तपासता येतात.

माहिती विचारण्याची पद्धत

पोस्टग्रेसएसक्यूएल या डेटाबेससाठी ‘पीएसक्यूएल’ हे साधन वापरतात.

१. केवळ वाचनाचा अधिकार असलेल्या खात्याने जोडणी करावी. त्यामुळे चुकीच्या आदेशाने नोंदी पुसल्या जात नाहीत.
२. ‘सिलेक्ट’पुढे हवे ते स्तंभ, ‘फ्रॉम’पुढे तक्त्याचे नाव, ‘व्हेअर’पुढे गाव व तारखांची अट आणि ‘ऑर्डर बाय’पुढे सापळा क्रमांक व तारीख लिहावी.
३. शेवटी अर्धविराम द्यावा. तो राहिल्यास उत्तर न येता संगणक पुढील ओळीची वाट पाहतो.

शून्य की रिकामे?

समजा, एका सापळ्यात पहिल्या ३ रात्री ९, ११ व ८ पतंग आढळले आणि पुढील ४ रात्री पावसामुळे निरीक्षण झाले नाही. त्या ४ जागी शून्य भरल्यास आठवड्याची सरासरी ४ येते आणि शेतकरी निर्धास्त राहतो. जागा रिकाम्या ठेवल्यास डेटाबेस त्या वगळून सरासरी ९.३ देतो. वस्तुतः पातळी तिसऱ्या रात्रीच गाठली गेली होती.

डेटाबेसमध्ये अशा रिकाम्या जागेस ‘नल’ म्हणतात. ती शोधताना बरोबरचे चिन्ह चालत नाही. ‘इज नल’ असेच लिहावे लागते. काही वेळा न पाहिलेल्या रात्रीची ओळच तक्त्यात नसते. म्हणून प्रत्येक सापळ्याच्या आठवड्यात ७ ओळी आहेत का, हे ‘काउंट’ने मोजावे. मात्र शून्य एकदा भरले गेले, की ते निरीक्षणाचे की अंदाजाचे, हे कोणत्याही आदेशाने ओळखता येत नाही. त्यामुळे सापळा पाहिला नसेल, तर रकाना रिकामाच ठेवावा.

पातळी गाठलेली दिसताच शेतात जावे. २० हिरवी बोंडे फोडून पाहावीत. २ बोंडांत जिवंत अळी आढळल्यास प्रादुर्भाव १० टक्के होय. फवारणीचा निर्णय या प्रत्यक्ष पाहणीनंतरच घ्यावा.