सहा टिंबांची देवनागरी

दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या हाती द्यावयाच्या साधनांपैकी ब्रेल लिपी हे सर्वांत जुने व सर्वांत साधे साधन होय. लुई ब्रेलने ती १८२९ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा तो अवघा वीस वर्षांचा होता. तीन-तीन टिंबांच्या दोन उभ्या रांगा एवढीच तिची सामग्री. परंतु तीतून ६३ आकृत्या सिद्ध होतात.

भारतात या आकृत्यांची वाटणी प्रत्येकाने आपापल्या परीने केली, आणि एका पद्धतीने शिकलेल्या मुलाला दुसऱ्या पद्धतीचे पुस्तक वाचता येईना. १९५१ साली भारती ब्रेल स्वीकारण्यात आली तेव्हा हा गोंधळ मिटला. त्याच वर्षी डेहराडून येथे ब्रेल मुद्रणालय सुरू झाले.

भारती ब्रेलचे तत्त्व ध्वनीचे आहे. 'क' हा वर्ण मराठीत, पंजाबीत वा बंगालीत असो, त्याची टिंबे १ व ३ हीच. चंडीमंदिरच्या लष्करी छावणीत बदली होऊन आलेल्या एखाद्या मराठी कुटुंबाची कल्पना करावी. त्यातील डोळस मुलाला पंजाबीसाठी गुरुमुखीची अक्षरे नव्याने गिरवावी लागतील. त्याच्या दृष्टिहीन बहिणीला मात्र अक्षरे आधीच येत असतील, केवळ भाषा शिकावी लागेल. असा लाभ डोळसांच्या वाट्याला आलेला नाही!

छापील देवनागरीत 'कि' लिहिताना वेलांटी व्यंजनाच्या आधी येते. ब्रेलमध्ये ती उच्चाराप्रमाणे नंतर येते. 'क' आणि मग 'इ'. जोडाक्षरात उलट घडते. 'वाक्य' लिहिताना हलन्ताचे टिंब 'क'च्या आधी द्यावे लागते, म्हणजे पुढचे व्यंजन अर्धे आहे हे बोटाला अगोदरच कळते. 'ळ'साठी उजव्या रांगेतील तिन्ही टिंबे राखून ठेवली आहेत. पाटी व टोचणीने लिहिताना कागद मागून टोचला जात असल्यामुळे मूल उजवीकडून डावीकडे लिहिते, आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचते.

संगणक आल्यावर हे सारे कालबाह्य झाले, असे काहींना वाटते. पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणाऱ्या आज्ञावली खरोखरच उपयुक्त आहेत. त्यांपैकी एनव्हीडीए ही २००६ पासून विनामूल्य मिळते व मराठीही वाचते. तथापि 'दिन' आणि 'दीन', 'सुत' आणि 'सूत' यांतील भेद मराठी कानाला जवळजवळ ऐकू येत नाही. केवळ ऐकून शिकलेला विद्यार्थी हुशार असूनही शुद्धलेखनात मागे पडतो, आणि दोष त्याच्या बुद्धीला दिला जातो. ब्रेलमध्ये ऱ्हस्व इकार २ व ४ या टिंबांचा, दीर्घ ईकार ३ व ५ या टिंबांचा. बोटाखाली त्यांची गल्लत होत नाही. संगणकाला जोडावयाच्या ब्रेल-पट्टीत विजेच्या योगाने बारीक खिळे वरखाली होऊन हीच टिंबे उमटतात. दुर्दैवाने तिची किंमत सामान्य कुटुंबाला झेपणारी नाही.

दुसरी अडचण मजकुराचीच आहे. युनिकोडपूर्व टंकांत जुळविलेले मराठी पान डोळ्यांना देवनागरी दिसते, पण संगणकाच्या लेखी ती रोमन चिन्हांची निरर्थक माळ असते. वाचक-आज्ञावली तीच बडबडत राहते. पानांची नुसती छायाचित्रे असतील, तर ती काहीच बोलत नाही. कायद्याचा अडसर मात्र बराच दूर झाला आहे. २०१२ च्या दुरुस्तीने दृष्टिहीनांसाठी पुस्तकाची सुगम प्रत करण्यास मुभा दिली, आणि २०१३ च्या माराकेश कराराला अनुमती देणारा भारत हा २०१४ साली पहिला देश ठरला. २०१६ साली 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. पण छायाचित्ररूप पाठ्यपुस्तक सुगम करावयाचे तर कोणीतरी ते बसून पुन्हा टंकित करावे लागते, किंवा यंत्राने ओळखलेली अक्षरे ओळीओळीने तपासावी लागतात. आणि शाळा तर जूनमध्येच सुरू होते.