कुत्र्यांतील हृदयजंत : प्रतिबंध आणि उपचार

शेतावरील वस्ती, गोठा, खळे, मेंढ्यांचा कळप आणि फळबाग यांची रात्रंदिवस राखण करणारा कुत्रा हा शेतकरी कुटुंबाचा बिनपगारी राखणदारच होय. गाई-म्हशींच्या लसीकरणाकडे आणि जंतनिर्मूलनाकडे आपण जेवढे लक्ष देतो, तेवढे लक्ष या राखणदाराकडे दिले जात नाही. रेबीजची लस टोचली आणि वर्षातून एक-दोनदा जंताची गोळी दिली, की कुत्र्याची काळजी संपली असा अनेकांचा समज असतो. पोटातील जंतांवर दिली जाणारी अल्बेंडॅझोल, पायरँटेल किंवा प्राझिक्वांटेलची गोळी मात्र हृदयजंतावर चालत नाही. हा जंत कुत्र्याच्या हृदयात आणि फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांत राहतो. त्याचा प्रतिबंध सोपा आहे, पण तो झाल्यावरचा उपचार लांबलचक व जोखमीचा आहे. म्हणून या रोगाची माहिती प्रत्येक कुत्रा पाळणाऱ्याने करून घ्यावी.

जंताची ओळख व जीवनक्रम

या जंताचे शास्त्रीय नाव डायरोफिलेरिया इमिटिस असे आहे. माणसांत हत्तीरोग करणाऱ्या जंताचा हा भाऊबंद आहे आणि हत्तीरोगाप्रमाणेच याचाही प्रसार डासांमार्फत होतो. पूर्ण वाढलेली मादी २५ ते ३० सें.मी. लांब असते, तर नर त्याहून आखूड असतो. जंत पांढरट व दोऱ्यासारखा दिसतो.

मादी अंडी न घालता थेट सूक्ष्म पिल्ले रक्तात सोडते. यांना मायक्रोफायलेरिया म्हणतात. बाधित कुत्र्याला डास चावला की ही पिल्ले रक्ताबरोबर डासाच्या पोटात जातात. उबदार हवामानात साधारण १० ते १४ दिवसांत डासाच्या अंगातच त्यांची रोगकारक अळी बनते. असा डास दुसऱ्या कुत्र्याला चावला की अळ्या चाव्याच्या जखमेतून त्याच्या शरीरात शिरतात. त्वचेखाली व स्नायूंत वाढत, कात टाकत त्या सुमारे अडीच ते चार महिन्यांत फुप्फुसाच्या धमन्यांत पोहोचतात. डास चावल्यापासून साधारण ६ ते ७ महिन्यांनी नवीन पिल्ले रक्तात दिसू लागतात. पूर्ण वाढलेला जंत कुत्र्यात ५ ते ७ वर्षे जगू शकतो.

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतील. एक म्हणजे डासाशिवाय हा रोग पसरत नाही. एकत्र खाणे, चाटणे किंवा विष्ठा यांतून तो होत नाही. दुसरी गोष्ट अशी, की जंत शरीरात शिरल्यानंतर सहा महिने कुत्रा वरून अगदी ठणठणीत दिसतो.

आपल्या भागात धोका किती ?

भारतात हृदयजंताच्या नोंदी प्रामुख्याने आसाम, मिझोराम अशा ईशान्येकडील राज्यांतून झालेल्या आहेत. केरळ, कर्नाटक व महाराष्ट्रात त्याचाच दुसरा भाऊबंद, डायरोफिलेरिया रेपेन्स, आढळतो. हा जंत हृदयात न जाता त्वचेखाली राहतो. त्यामुळे गाठी येणे, खाज सुटणे असा त्रास होतो. तो हृदयजंताइतका घातक नाही.

म्हणून महाराष्ट्रातील प्रत्येक कुत्र्याला हृदयजंत झाला असेल अशी भीती बाळगू नये. परंतु निष्काळजीही राहू नये. लष्करात किंवा निमलष्करी दलात ईशान्येकडे नोकरी करून परतणारी कुटुंबे आपला कुत्रा बरोबर आणतात. जातिवंत पिल्ले दूरच्या राज्यांतून विकत आणली जातात. डास आपल्याकडे मुबलक आहेतच. बाधित कुत्रा आणि डास एकत्र आले की रोगाचा प्रसार सुरू होण्यास वेळ लागत नाही. बाहेरून आणलेल्या कुत्र्याची रक्ततपासणी ही यासाठी पहिली पायरी समजावी.

लक्षणे

सुरुवातीला कोणतेही लक्षण दिसत नाही. जंतांची संख्या वाढत गेली की पुढील लक्षणे क्रमाने दिसतात :

१) सतत कोरडा खोकला येणे.
२) थोडे पळाल्यावर दम लागणे व बसून राहणे. पूर्वी अनोळखी माणसामागे धावणारा कुत्रा जागेवरूनच भुंकतो.
३) भूक मंदावणे व वजन घटणे.
४) पोटात पाणी साठून पोट मोठे दिसणे.
५) श्रमानंतर चक्कर येऊन पडणे.

जंतांचा गुंता हृदयाच्या उजव्या भागात अडकल्यास हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी कॉफीसारखी गडद होते आणि कुत्रा कोसळतो. अशा कुत्र्यातील जंत तातडीने शस्त्रक्रिया करून काढले नाहीत तर तो बहुधा दगावतो.

खोकला, अशक्तपणा व पांढऱ्या हिरड्या ही लक्षणे गोचीडताप किंवा आकडीजंत यांतही दिसतात. म्हणून केवळ लक्षणांवरून औषध देऊ नये.

निदान

निदानासाठी रक्ताच्या दोन तपासण्या कराव्यात. पहिल्या तपासणीत सूक्ष्मदर्शकाखाली मायक्रोफायलेरिया पाहतात. ही पिल्ले सायंकाळी व रात्री बाहेरच्या रक्तवाहिन्यांत अधिक असतात, त्यामुळे नमुना शक्यतो सायंकाळी द्यावा. दुसरी अँटिजेन चाचणी असून ती पूर्ण वाढलेल्या मादीचा अंश रक्तात शोधते. काही बाधित कुत्र्यांच्या रक्तात पिल्ले मुळीच सापडत नाहीत, म्हणून दोन्ही तपासण्या आवश्यक ठरतात. रेपेन्सची पिल्लेही रक्तात दिसतात. ती कोणत्या जंताची आहेत हे प्रयोगशाळेकडून निश्चित करून घ्यावे.

डास चावल्यावर पहिले पाच-सहा महिने या तपासण्यांत रोग सापडत नाही. बाहेरून आणलेल्या कुत्र्याची तपासणी आल्यावर लगेच व पुन्हा सुमारे सात महिन्यांनी करावी.

प्रतिबंधक औषध मागे पाहते, पुढे नाही

प्रतिबंधासाठी आयव्हरमेक्टिन, मिल्बेमायसिन, मॉक्सिडेक्टिन व सेलामेक्टिन ही औषधे वापरतात. काही गोळीच्या रूपात, तर काही मानेवरील त्वचेवर थेंब सोडण्यासाठी मिळतात. बहुतेक औषधे महिन्यातून एकदा द्यावयाची असतात.

ती काम कशी करतात हे समजून घ्यावे. आज दिलेली गोळी पुढचा महिनाभर डासांपासून संरक्षण करते असे नाही. गेल्या महिन्यात शरीरात शिरलेल्या कोवळ्या अळ्या ती मारते. अळी दीड-दोन महिन्यांची झाली की हेच औषध तिच्यावर खात्रीने चालत नाही. म्हणून १५ जूनची मात्रा चुकली आणि पुढची १५ ऑगस्टला दिली, तर मधल्या काळातील काही अळ्या निसटून हृदयापर्यंत जाऊ शकतात. मात्रा चुकल्याचे लक्षात येताच ती द्यावी, पशुवैद्यकांना कळवावे आणि सहा-सात महिन्यांनी रक्त तपासून घ्यावे.

ज्या भागात हृदयजंत आहे तेथे पिल्लू आठ आठवड्यांचे होण्याच्या आत औषध सुरू करून ते वर्षभर द्यावे. सात महिन्यांपेक्षा मोठ्या कुत्र्याला औषध सुरू करण्यापूर्वी रक्ततपासणी अवश्य करावी. रक्तात पिल्ले भरपूर असताना काही औषधांनी ती एकदम मरतात व कुत्र्याला झटका येऊ शकतो. आपल्या भागात औषध द्यावे की नाही, हे पशुधन विकास अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने ठरवावे.

गुरांचे इंजेक्शन कुत्र्याला नको

गोचीड, खरूज व जंतांसाठी गुरा-मेंढरांना टोचावयाच्या आयव्हरमेक्टिनची बाटली आज अनेक गोठ्यांत असते. औषध तेच आहे, मग कुत्र्यालाही थोडे टोचले तर काय बिघडले, असे वाटणे साहजिक आहे. पण हिशेब करून पाहा.

हृदयजंताच्या प्रतिबंधासाठी आयव्हरमेक्टिनची मात्रा दर किलो वजनास फक्त ६ मायक्रोग्रॅम आहे. २० किलोच्या कुत्र्याला १२० मायक्रोग्रॅम पुरेसे होतात. गुरांच्या एक टक्का इंजेक्शनच्या १ मि.ली. मध्ये १०,००० मायक्रोग्रॅम औषध असते. म्हणजे या कुत्र्याला ०.०१२ मि.ली. हवे. एवढे औषध साध्या सिरिंजने मोजताच येत नाही, ते एका थेंबाच्या पाव भागाएवढे भरते. गुरांच्या हिशेबाने, ५० किलोस १ मि.ली., टोचले तर त्याच कुत्र्याला ०.४ मि.ली. जाईल व मात्रा ३३ पटीहून अधिक होईल.

कोली व त्या वंशाच्या मेंढपाळ कुत्र्यांपैकी अनेकांत एक आनुवंशिक दोष असतो. त्यामुळे हे औषध त्यांच्या मेंदूत शिरते. किलोमागे १०० मायक्रोग्रॅमपासूनच त्यांना विषबाधा होऊ शकते. डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, लाळ गळते, कुत्रा झोकांड्या खातो, आंधळ्यासारखा वागतो व बेशुद्ध पडतो. यावर उतारा नाही. संकरित कुत्र्यात हा दोष आहे की नाही हे वरून ओळखता येत नाही. प्रतिबंधाची ६ मायक्रोग्रॅमची मात्रा मात्र या जातींनाही चालते.

हत्तीरोग निर्मूलन मोहिमेत माणसांना मिळणाऱ्या डीईसी गोळ्याही कुत्र्याला देऊ नयेत. रक्तात हृदयजंताची पिल्ले असलेल्या कुत्र्याचा या औषधाने जीव जाऊ शकतो.

कुत्र्याचे वजन अंदाजाने धरू नये. प्रथम कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहावे, मग एकट्याने वजन करावे व वजाबाकी करावी.

रोग झाल्यावर उपचार

हा उपचार पूर्णपणे पशुवैद्यकांच्या देखरेखीखालीच करावा. त्याचे टप्पे साधारणपणे असे असतात :

१) निदान होताच कुत्र्याची धावपळ बंद करावी. प्रतिबंधक औषध पशुवैद्यक सुरू करतात व गरजेनुसार सूज कमी करणारे औषध देतात.
२) डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक चार आठवडे देतात. जंताच्या शरीरात वोल्बाकिया नावाचे जिवाणू राहतात. ते मेले की जंत दुबळा होतो.
३) पूर्ण वाढलेले जंत मारण्यासाठी मेलार्सोमिन हे सोमलयुक्त औषध कमरेच्या स्नायूंत खोलवर टोचतात. निदानानंतर सुमारे दोन महिन्यांनी पहिले इंजेक्शन, त्यानंतर एक महिन्याने दुसरे व लगेच दुसऱ्या दिवशी तिसरे असा क्रम असतो.

मेलार्सोमिन सर्वत्र सहज मिळत नाही. ते न मिळाल्यास प्रतिबंधक औषध व डॉक्सिसायक्लिन यांच्या साहाय्याने पशुवैद्यक सावकाश उपचार करतात. त्यास अनेक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो आणि तोपर्यंत जंत हृदयाचे व फुप्फुसाचे नुकसान करीतच राहतात.

औषधाएवढेच महत्त्व विश्रांतीला आहे. मेलेल्या जंतांचे तुकडे रक्ताबरोबर फुप्फुसात जाऊन अडकतात. कुत्रा पळाला की रक्ताचा जोर वाढतो व हे अडथळे जिवावर बेततात. म्हणून शेवटच्या इंजेक्शननंतर सहा ते आठ आठवडे त्याला सावलीत बांधून ठेवावे आणि लघवी-संडासपुरते साखळीने हळू फिरवावे. रात्री राखणीला मोकळे सोडू नये. तेवढे दिवस राखणीची दुसरी सोय आधीच करून ठेवावी. ताप, वाढलेला खोकला किंवा खोकल्यातून रक्त दिसल्यास ताबडतोब दवाखाना गाठावा.

डासांचा बंदोबस्त

गोठ्याचे सांडपाणी व मूत्र वाहून जाण्यासाठी उताराची नाली ठेवावी. पाण्याची टाकी, पिंप व रांजण आठवड्यातून एक दिवस रिकामे करून घासून कोरडे करावेत. जुने टायर व फुटकी भांडी हलवावीत. कुत्र्याच्या निवाऱ्याला बारीक जाळी लावावी. यामुळे हिवताप, डेंग्यू व हत्तीरोगापासून घरच्या माणसांचेही रक्षण होते.

माणसांना धोका आहे काय ?

डासामार्फत हे जंत क्वचित माणसात येतात. रेपेन्सचा जंत डोळ्याच्या पांढऱ्या पडद्याखाली किंवा त्वचेखालील गाठीत आढळून शस्त्रक्रियेने काढल्याच्या नोंदी केरळ, कर्नाटक व महाराष्ट्रातही आहेत. माणसात या जंताची बहुधा पूर्ण वाढ होत नाही. डोळ्यात काही वळवळल्यासारखे वाटल्यास नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. कुत्र्याला हात लावल्याने हा रोग होत नाही, म्हणून आजारी कुत्र्याला हाकलून देऊ नये.

थोडक्यात लक्षात ठेवा

बाहेरून आणलेल्या कुत्र्याचे रक्त दोनदा तपासावे. पोटाच्या जंताच्या गोळीवर विसंबू नये. औषध सुरू केल्यास तारीख चुकवू नये, ती गोठ्यातील कॅलेंडरवर लिहून ठेवावी. आणि गुरांच्या बाटलीतील आयव्हरमेक्टिन कुत्र्याला कधीही टोचू नये. एवढे पाळल्यास आपला राखणदार या रोगापासून सुरक्षित राहील.